ह्याच्यात गादी धरली का?

नमस्कार श्रोतेहो. बारावीचे निकाल लागले, घरोघरी दाखल्यांच्या फायली बाहेर आल्या असतील, सेतू केंद्रासमोर रांगा लागल्या असतील. मी गेली सव्वीस वर्षं पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फीच्या खिडकीमागे बसते. त्या खिडकीतून शिकलेली एक गोष्ट आज सांगते. फी वेगळी आणि खर्च वेगळा. पेन जवळ असेल तर लिहून ठेवा. फी वेगळी, खर्च वेगळा.

२०२४ सालचा ऑगस्ट. केज तालुक्यातून एक शेतकरी लेकीला घेऊन आले होते. रात्रीच्या एसटीने आलेले, पत्र्याची पेटी सुतळीने बांधलेली. त्याच वर्षी सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केलं होतं. गावात सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं, आता शिकणं फुकट. त्यांनी वीस हजार आणले होते, बनियनच्या आतल्या खिशात.

मी पावती लिहायला घेतली. विकास शुल्क आणि किरकोळ मिळून साडेचौदा हजार. अनामत पाच हजार. साडेएकोणीस झाले. मग वसतिगृहाचा आकडा सांगितला, वर्षाचे पंचावन्न हजार. त्यांनी हातातल्या पाचशेच्या एकुलत्या नोटेकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "मॅडम, ह्याच्यात गादी धरली का?"

धरली नव्हती. वसतिगृहात फक्त लोखंडी खाट मिळते. गादी आपली, बादली आपली, कुलूपसुद्धा आपलं.

वसतिगृहाचे पैसे हप्त्यांत भरायची परवानगी प्राचार्यांनी दिली. पण त्या रात्री ती मुलगी खाटेच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरून झोपली. दुसऱ्या दिवशी मी घरातली जादाची गादी नेऊन दिली. वडील म्हणाले, वापरायला घेतो, परत करीन.

गावाकडे कॅलेंडरच्या चौकटीत आपण दुधाचा रतीब लिहितो ना, तसा त्यांनी वर्षभर लेकीचा खर्च कॅलेंडरवर लिहिला. मेसचे महिन्याला ३६०० रुपये, दहा महिने. ड्रॉइंगचं ड्राफ्टर, ॲप्रन, जर्नल, झेरॉक्स. दिवाळीत सगळ्यांनी घेतला म्हणून जुना लॅपटॉप, ३२ हजारांचा. (लॅपटॉप पहिल्याच दिवशी घ्यायची घाई करू नका, असं माझं ठाम मत आहे. पहिलं सत्र कॉलेजच्या लॅबवर निघतं.) येण्याजाण्याचा खर्च, तोही महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून निम्मा. वर्षअखेरीला बेरीज आली १ लाख ५९ हजार ८००. शिक्षण शुल्काचा एक रुपया न भरता, श्रोतेहो. १ लाख ५९ हजार ८००.

आणि गावात सत्कार करताना शाल-श्रीफळ देतात, त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. बारावीत पहिल्या आलेल्या मुलीला दहा शाली मिळतात. त्या दहा शालींच्या पैशांत गादी, बादली, कॅलक्युलेटर येतो. सरपंचांनी, पतसंस्थांनी हे मनावर घ्यावं.

तर प्रवेशाआधी काय विचाराल? शिक्षण शुल्क सोडून आणखी किती भरायचं. अनामत किती आणि ती परत कधी मिळते. वसतिगृहाचे पैसे एकरकमी की हप्त्यांत. मेस सक्तीची आहे का. हे चार प्रश्न खिडकीवर विचारायला लाजू नका, आम्ही तिथे त्यासाठीच बसलेलो असतो.

शिष्यवृत्तीचं एक लक्षात ठेवा, पैसे नंतर येतात. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार मिळतात, पण ते आधार जोडलेल्या खात्यात, आणि बहुतेकदा खर्च होऊन गेल्यावर. तोवरची सोय घरातच करावी लागते. शैक्षणिक कर्ज काढलंत तर बँकेला वसतिगृह, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं धरून आकडा सांगा. नुसत्या फीपुरतं कर्ज काढलं की बाकीचं सावकाराकडे जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं.

पुढच्या वर्षी ते वडील पुन्हा खिडकीवर आले. माझी गादी आणली होती, नवा अभ्रा शिवून. सोबत शेजारच्या गावची एक मुलगी आणि तिची आई. आईच्या हातात त्या कॅलेंडरची बारा पानं, घडी घालून. पावतीपुस्तक उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "मॅडम, गादी आणलीय. अनामत किती ते सांगा."