ब्रेक नसलेल्या गाडीवर तीन दशकं

(दृश्य: स्टार्टच्या रेषेवर चार गाड्या. समोर ताणलेल्या टेप.)

या गाडीला ब्रेक नाही. पुढेही नाही आणि मागेही नाही. गिअर एकच. इंजिन ५०० सीसीचं, एका सिलिंडरचं, टाकीत पेट्रोलऐवजी मेथॅनॉल. नियमानुसार गाडीचं किमान वजन ७७ किलो, म्हणजे आपल्या बुलेटच्या निम्म्याहूनही कमी. मातीचा लंबगोल ट्रॅक, सगळी वळणं डावीकडे, चार रायडर, चार फेऱ्या, आणि साधारण मिनिटाभरात निकाल. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. चौथा हात हलवत परत येतो.

हा स्पीडवे. इथे हाडं मोडणं नेहमीचंच. तरीही २०१६ साली ग्रेग हॅनकॉक या खेळाचा जगज्जेता झाला, तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

(दृश्य: जुनं चित्रण, १९९०चं दशक.)

हॅनकॉक मूळचा कॅलिफोर्नियाचा. १९८९मध्ये तो इंग्लंडच्या लीगमध्ये आला. २० मे १९९५ रोजी पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला जागतिक ग्रांप्री मालिकेची पहिली शर्यत झाली, तेव्हा तो गेटवर, म्हणजे स्टार्टच्या टेपसमोर, होता, आणि २०१८पर्यंत एकही मोसम त्याच्याशिवाय झाला नाही. जगज्जेतेपदं चार: १९९७, २०११, २०१४ आणि २०१६. पहिल्या आणि दुसऱ्या पदात चौदा वर्षांचं अंतर आहे. २०१६ला तिसरा आलेला पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक एप्रिल १९९५मध्ये जन्मला, म्हणजे मालिका सुरू व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी.

इतकी वर्षं टिकायचं तर नुसतं धाडस पुरत नाही. धाडस विशीतल्या पोरांकडे जास्तच असतं. टिकणाऱ्या रायडरचं पहिलं भांडवल म्हणजे त्याचा स्टार्ट.

(दृश्य: बूट आणि मागचं चाक, अगदी जवळून.)

गेटवर यायला दोन मिनिटं मिळतात. त्या वेळात रायडर काय करतो ते नीट बघा. तो बुटानं माती उकरतोय, सैल थर बाजूला सारून मागच्या चाकाखाली घट्ट जमीन आणतोय. मग क्लच दाबलेला, मूठ एका ठरावीक रेसवर स्थिर, अंग टाकीवर झुकलेलं. टेप उडाली की क्लच सोडायचा. रेस जास्त झाली तर चाक जागच्या जागी फिरतं किंवा गाडी पुढून उचलते. कमी झाली तर इंजिन दबतं आणि पहिलं वळण दुसऱ्याचं होतं. घाई करून टेपला धक्का लागला तर शिक्षा आहेच.

वय वाढलेल्या रायडरला हा स्टार्ट दोनदा उपयोगी पडतो. एक तर गुण मिळतात. दुसरं म्हणजे पुढे असलेल्याच्या तोंडावर माती येत नाही. मागच्या तिघांच्या गॉगलवर चिखल आदळत असतो, काचेवरच्या पातळ फिल्म एकेक करून ओढून टाकाव्या लागतात, आणि पहिल्या वळणात त्यांची हँडलं एकमेकांत अडकतात. बरेचसे मोठे अपघात तिथेच होतात. जो त्या घोळक्याच्या पुढे निघतो, त्याची हाडं जास्त वर्षं शाबूत राहतात.

(दृश्य: वळण, संथ गतीत.)

वळणात मागचं चाक बाहेर घसरतं, पुढचं चाक उजवीकडे वळवलेलं, तरीही गाडी डावीकडे जाते. डाव्या बुटाला खालून पोलादाचा पत्रा बसवलेला असतो, तो जमिनीवर घासत राहतो. हे घसरणं चालू राहतं ते मागच्या चाकाला मिळणाऱ्या जोरावर. नवखा घाबरून मूठ सोडतो. मग चाक अचानक माती पकडतं, गाडी ताडकन सरळ होते आणि थेट कठड्याकडे सुटते. समोर कुणी पडलं तर ब्रेकच नाही, तेव्हा गाडी मुद्दाम आडवी पाडायची आणि अंग बाजूला टाकायचं. मनगटाला बांधलेली दोरी सुटली की इंजिन बंद पडतं. वेळेवर पडता येणं ही या खेळातली मोठी विद्या आहे. आता मोठ्या ट्रॅकवर कठड्यापुढे हवा भरलेलं जाड कुंपण असतं. त्यानंही कित्येकांची कारकीर्द वाढवली.

जुने रायडर माती वाचतात. हीटमागून हीट, म्हणजे चार फेऱ्यांची एकेक शर्यत, होते तशी सैल माती बाहेरच्या बाजूला जमा होते आणि आतली रेघ कडक, गुळगुळीत होते. मग आतून जाणारा घसरत राहतो आणि कठड्याजवळून जाणाऱ्याला पकड मिळते. मधे ट्रॅक्टर फिरला, पाणी मारलं, की गणित पुन्हा बदलतं.

(दृश्य: टाकीवरचं 'जावा' हे नाव.)

हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण म्हैसूरची जावा टू-स्ट्रोक होती. ही फोर-स्ट्रोक. चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशॉव्हचा एसो कारखाना १९६४मध्ये जावात विलीन झाला आणि पुढे स्पीडवेच्या गाड्या याच नावानं निघाल्या.

इंजिन बदललं की भल्याभल्यांची कारकीर्द संपते, आणि टिकणारा आपली सवय मोडतो. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर सहा वेळा जगज्जेता झाला. १९६८, ६९, ७० आणि ७२ची पदं दोन व्हॉल्व्हच्या जमान्यातली. १९७५च्या सुमारास चार व्हॉल्व्हची इंजिनं आली, आणि त्याने १९७७ आणि १९७९ पुन्हा जिंकलं. शेवटच्या वेळी, पोलंडमधल्या होझुफला, त्याच्या चाळिशीला महिनाच उरला होता.

हॅनकॉकनं उभ्या सिलिंडरच्या इंजिनावर सुरुवात केली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर आडवी इंजिनं आली. वजन खाली गेलं, गाडी वळणात वेगळीच वागू लागली. २०११मध्ये नवे सायलेन्सर सक्तीचे झाले. त्यांनी इंजिनाचा स्वभाव बिघडतो, अशी बऱ्याच रायडरांची तक्रार होती. त्याच मोसमात हॅनकॉक ४१व्या वर्षी जिंकला आणि मेजरचा वयाचा विक्रम मोडला.

(दृश्य: पिट. मेकॅनिकच्या हातात स्प्रॉकेट.)

पिटमधलं, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेतलं, काम बारीक असतं. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, एक दात वाढवला तर गाडी वळणातून लवकर उसळते, पण सरळ पट्ट्यात इंजिन लवकर दम टाकतं. दात कमी केला की उलट. मेथॅनॉल पेट्रोलच्या साधारण दुप्पट लागतं, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी छिद्रं, मोठे. ते हवेतली ओल ओढतं आणि कार्ब्युरेटरचं ॲल्युमिनियम खातं. त्यामुळे शर्यती संपल्या की ते पूर्ण काढून टाकायचं आणि तेलही बदलायचं, कारण मेथॅनॉल तेलात उतरतं. इथे आळस केला तर पुढच्या सामन्यात जेट तुंबतो, मिश्रण पातळ पडतं आणि पिस्टन भाजतो. दिवसाउजेडी मेथॅनॉलची ज्योत दिसत नाही, त्यामुळे पिटमध्ये सिगारेट चालत नाही.

दुखापतीचा हिशेब मात्र कुणालाच चुकत नाही. न्यूझीलंडचा बॅरी ब्रिग्ज १९५४ ते १९७० सलग सतरा विश्वअंतिम फेऱ्या खेळला. १९७२ला वेम्बलीत पडला, डाव्या हाताची तर्जनी गेली, तरी तो पुन्हा शर्यतीत उतरला. पोलंडचा टोमाश गोलोब २०१०मध्ये ३९व्या वर्षी जगज्जेता झाला. एप्रिल २०१७मध्ये मोटोक्रॉस ट्रॅकवर पडून त्याच्या मणक्याला इजा झाली आणि त्याचे पाय गेले. ऑस्ट्रेलियाचा ली ॲडम्स निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच २०११मध्ये वाळवंटी शर्यतीच्या सरावात त्याच्या मणक्याला इजा झाली. गोलोब आणि ॲडम्स या दोघांनी कित्येक वर्षं स्पीडवेत काढली, आणि सर्वांत मोठा घाव दुसऱ्याच गाडीवर बसला.

२०१९मध्ये हॅनकॉक घरच्या आजारपणामुळे शर्यतींपासून दूर राहिला. फेब्रुवारी २०२०मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, त्यानं निवृत्ती जाहीर केली.