आधी उतार, मग घर

टेकडीच्या माथ्याकडून खाली येताना हे घर दिसत नाही. दिसते ते केवळ एक सपाट काँक्रीटचे छप्पर, जणू कोणी वरून अलगद आणून जमिनीवर टेकवले आहे. पोर्तुगालच्या उत्तर टोकाला, मिन्यो नदी अटलांटिक महासागराला मिळते त्या परिसरात मोलेदू हे समुद्रकाठचे गाव आहे. तिथल्या उतारावर वास्तुविशारद एदुआर्दू सोतू द मोरा यांनी हे घर उभारले. काम १९९१ साली सुरू झाले आणि १९९८ साली पूर्ण झाले.

एका छोट्या घरासाठी इतकी वर्षे का लागावीत, याचे उत्तर घरात नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या जमिनीत आहे. या उतारावर पूर्वीपासून शेतीच्या पायऱ्या होत्या आणि ग्रॅनाइटच्या दगडी भिंतींनी त्यांची माती धरून ठेवली होती. कोकणातला गडगा किंवा देशावरची ताल पाहिलेल्या माणसाला ती रचना लगेच ओळखीची वाटेल. सोतू द मोरा यांनी घराला हात घालण्यापूर्वी या पायऱ्यांची मांडणीच नव्याने केली आणि दगडी भिंती पुन्हा बांधून घेतल्या. या कामावर घरापेक्षा अधिक खर्च झाला आणि घरमालकांनी तो मान्य केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे डोंगरउतारावर बंगला बांधायचा म्हटले की पहिल्या दिवशी जेसीबी येतो, उभा काप घेऊन जागा सपाट केली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात दरडीची काळजी सुरू होते.

घराची रचना साधी आहे. दोन दगडी भिंतींच्या मधे लाकडी चौकटींची सलग काच असून तिच्यामागे खोल्या एका ओळीत आहेत. खरी नवलाई मात्र मागच्या बाजूला आहे. जिथे डोंगर टेकलेला असतो तिथे सहसा ओल धरणारी आंधळी भिंत असते. इथे त्या जागी काचेचा लांब बोळ आहे आणि काचेपलीकडे, हाताच्या अंतरावर, टेकडीचा उघडा कातळ. त्या अरुंद फटीतून वरचा उजेड खाली झिरपतो, कातळावरून सरकतो आणि स्वयंपाकघराकडून झोपण्याच्या खोलीकडे जाणाऱ्या माणसाच्या सोबत चालत राहतो.