बॉल नंतर बघा, आधी पाय बघा

नमस्कार मंडळी. शिकागोहून बोलतेय. कणीक मळत असाल, गाडी चालवत असाल, चहाचं आधण ठेवलं असेल, तर हात थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या.

आज मला फुटबॉलवर बोलायचंय. अमेरिकन फुटबॉलवर. ज्यांच्या घरात रविवारी दुपारी टीव्हीसमोरून कुणी हलत नाही, त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवा. क्वार्टरबॅक म्हणजे दर खेपेला बॉल ज्याच्या हातात येतो तो. कुणाकडे फेकायचा हे त्याला दोन-अडीच सेकंदांत ठरवावं लागतं, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला पाडायला धावत येत असतात. बॉल हातात असतानाच त्याला पाडलं की ती सॅक. झालं, एवढ्यावर तुम्हाला आजचं बोलणं कळेल.

शिकागो बेअर्स हा आमचा संघ. १९२० पासूनचा. आणि क्वार्टरबॅकच्या बाबतीत या गावाचं नशीब फार वाईट. एका हंगामात पास टाकून ४००० यार्ड कापणारा एकही क्वार्टरबॅक शिकागोला आजवर मिळालेला नाही. २०१७ साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून आलेले नवे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात तेव्हा, आमच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर मिच ट्रुबिस्कीला निवडलं. पॅट्रिक महोम्स तेव्हा मोकळा होता, तो दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीला गेला. पुढे तिथे महोम्सने अजिंक्यपदं जिंकली, ते सगळ्यांना माहीत आहे. ही जखम इथे अजून भरलेली नाही.

अशा गावात एप्रिल २०२४ मध्ये केलेब विल्यम्स आला. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाची निवड, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवलेला. लोक नवस फळल्यासारखे नाचले. मग सप्टेंबरात पहिला सामना झाला, टेनेसीविरुद्ध. २९ पास टाकले, त्यातले १४ पोचले, यार्ड ९३. संघ २४-१७ असा जिंकला, पण त्याच्या बाजूने एकही टचडाउन नाही, म्हणजे बॉल समोरच्या शेवटच्या रेषेपार एकदाही नेला नाही. जिंकून दिलं ते बचावाने आणि अडवलेल्या एका किकने. संध्याकाळपर्यंत गावाने निकाल लावला होता. ऑफिसात तेच. ऑरोराच्या बालाजी मंदिरात प्रसादाच्या रांगेतही तेच: "हा काही खरा नाही."

एका सामन्यानंतर! बावीस वर्षांचा मुलगा! आपण आपल्या पोरांचंही हेच करतो. घटक चाचणीचा पेपर घेऊन पोर दारात उभं असतं, अजून बूटही काढलेले नसतात, आणि आपण विचारतो, किती मिळाले? शेजारच्याला किती? त्याला आधी पाणी द्या, बसू द्या. चाचणी कशासाठी असते? काय येत नाही ते कळावं म्हणून. हे मी दहा वेळा सांगितलंय, अकराव्यांदाही सांगेन.

तर, शेजारच्याला किती. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर जेडन डॅनियल्स वॉशिंग्टनला गेला आणि पहिल्या दिवसापासून चमकला. २७ ऑक्टोबरला दोघे समोरासमोर आले. दिवाळी तोंडावर होती, मी चकल्या तळत होते. चोवीस-पंचवीस सेकंद उरलेले असताना आपण पुढे होतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी डॅनियल्सने उंच, लांब, देवाच्या भरवशावर फेकलेला पास एका हातावर आपटून मागे उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. १८-१५, गेलो. चकल्यांचा एक घाणा जळला. त्या रात्रीपासून गाव म्हणू लागलं, आपण चुकीचा मुलगा निवडला. आता सांगा, तो पास अडवणं हे काय विल्यम्सचं काम होतं? तो तर बाहेर बाकावर बसला होता.

आता ज्यासाठी आज बोलायला बसलेय ती गोष्ट सांगते.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. ऐंशीच्या घरात वय. शिकागो शहरात तीस वर्षं बस चालवली, आणि त्यातली शेवटची दहा वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात गेली. माझी मुलं लहानपणापासून त्यांना आजोबा म्हणतात. त्यांना तो शब्द इतका आवडला की त्यांचा सख्खा नातूसुद्धा आता त्यांना आजोबाच म्हणतो. मी १९९८ साली या देशात आले आणि फुटबॉल मला त्यांनीच शिकवला. तो पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकचा पहिला हंगाम. त्याने त्या वर्षी २८ इंटरसेप्शन फेकले, म्हणजे तेवढे पास थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले, नवख्या क्वार्टरबॅकचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. संघ १६ पैकी ३ सामने जिंकला. लोक हसत होते. आजोबा मला म्हणाले, "याचे पाय बघ." मला तेव्हा काही कळलं नाही. पुढच्या वर्षी तोच संघ १३ सामने जिंकला.

आजोबा वही ठेवतात. पिवळ्या पानांची लांब वही, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पानावर तीन रकाने. पहिल्यात वेळ. बॉल हातात आला की ते मोठ्याने मोजतात, "वन मिसिसिपी, टू मिसिसिपी", एक मिसिसिपी म्हणजे एक सेकंद, बॉल सुटेपर्यंत. दुसऱ्यात पाय. पाय जमिनीवर ठाम होते की नाचत होते, पुढचं पाऊल जिकडे पास टाकायचा तिकडे वळलं होतं की नाही. तिसऱ्यात बॉल. बॉल शेवटी. मी विचारलं, आधी बॉल का नाही? म्हणाले, "बॉल पोचला की नाही हे दुसऱ्याच्या हातातही असतं. पाय त्याचे एकट्याचे."

लक्षात ठेवा हं, बॉल नंतर. आधी पाय.

२८ नोव्हेंबर २०२४, थँक्सगिव्हिंगचा दिवस. सामना डेट्रॉइटमध्ये, आमच्याकडे सकाळी साडेअकराचा. आजोबांच्या तळघरात सगळे जमले होते. वर भट्टीत टर्की, आणि मी नेलेले बटाटेवडे नि हिरवी चटणी. दरवर्षी टर्कीआधी वडेच संपतात. बेअर्स तोवर सलग पाच सामने हरले होते. एकट्या न्यू इंग्लंडविरुद्ध विल्यम्सला नऊ वेळा पाडलं होतं, आणि त्यानंतर दोन दिवसांत आक्रमण बघणाऱ्या प्रशिक्षकाला काढून टाकलं होतं. त्यात मध्यंतराला आपण १६-० ने मागे. आजोबांचा नातू पंधरा वर्षांचा. अंगातली विल्यम्सची जर्सी काढून त्याने सोफ्याच्या मागे टाकली. म्हणाला, "हा वाया गेलाय." आजोबा काही बोलले नाहीत. पेन्सिलीला टोक करत बसले.

उत्तरार्धात पोराने तीन टचडाउन पास टाकले. दोन कीनन ॲलनला, एक डीजे मूरला. २३-२०. जर्सी हळूच परत अंगात आली. आता शेवटची चढाई. तीन गुणांची किक जरी बसली तरी बरोबरी. बॉल डेट्रॉइटच्या २५ यार्डांपर्यंत गेला. मग दंड झाला, दहा यार्ड मागे. मग पुढच्या खेपेला आजोबा मोजतायत, "वन मिसिसिपी, टू मिसिसिपी, थ्री", आणि विल्यम्स खाली. सॅक. बॉल ४१ वर. घड्याळात ३२ सेकंद, आणि घड्याळ चालू.

घड्याळ थांबवायला आपल्याकडे एक टाइमआउट शिल्लक होता. एक! तळघरातले सगळे ओरडायला लागलो, टाइमआउट, टाइमआउट! माझ्या हातातली चटणीची वाटी कलंडली, त्यांच्या वहीवर. मैदानावर कुणीच खूण करेना. खेळाडू उठतायत, रांग लावतायत, विल्यम्स हातवारे करून चाल बदलतोय. आणि एवढ्या गोंधळात मला आजोबांचा आवाज ऐकू आला. ते मोजतच होते. सॅक होऊन गेली होती, तरी मोजणं थांबलं नव्हतं. "इलेव्हन मिसिसिपी, ट्वेल्व्ह मिसिसिपी..." हळूहळू आम्ही सगळे गप्प झालो. बॉल उचलला तेव्हा घड्याळात सहा सेकंद होते. लांब पास, रोम ओडुन्झेकडे, जमिनीवर पडला. घड्याळ शून्य. टाइमआउट खिशातच राहिला.

आजोबांनी चटणी बोटाने पुसली आणि पहिल्या रकान्यात आकडा लिहिला: २६.

नातू रडवेला झाला होता. म्हणाला, "त्याने का नाही मागितला टाइमआउट? त्यालाही मागता येतो ना!" तेव्हा आजोबांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते. म्हणाले, "एका हिवाळ्यात मी एका नव्या मुलीला बस शिकवत होतो. बर्फ पडलेला, पुलाचा उतार, गाडी मागून घसरली. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तिच्या हातांकडे बघत बसला असता, स्टिअरिंग कसं फिरवते ते. मी तिच्या पायाकडे बघितलं. घाबरलेला माणूस ब्रेक दाबून धरतो. तिने पाय हलका ठेवला होता. मला कळलं, ही शिकणार. पण पुढचा सिग्नल तिला दिसला नव्हता. तो मला दिसला होता. तिथे 'थांब' म्हणणं हे माझं काम होतं. तेवढ्यासाठीच तर मला तिच्या मागे बसवलं होतं."

मग वही नातवाच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "या खेळीत पोराची चूक आहे, बॉल फार वेळ धरला. ती त्याच्या नावावर लिहिली. पण हे सव्वीस सेकंद त्याच्या नावावर नको लिहूस."

दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षकाला काढलं. हंगाम चालू असताना मुख्य प्रशिक्षक काढण्याची संघाच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ.

आता आकड्यांबद्दल थोडंसं, वेळ कमी उरलाय. त्या पहिल्या हंगामात विल्यम्सला ६८ वेळा पाडलं. यापेक्षा वाईट अवस्था झालेला नवखा एकच, ह्यूस्टनचा डेव्हिड कार, २००२ साली, ७६ वेळा. पण विल्यम्सचे इंटरसेप्शन किती? फक्त ६. मध्ये साडेतीनशेच्या वर पास त्याने एकही इंटरसेप्शन न होऊ देता टाकले, नवख्यांमध्ये हा विक्रम आहे. लोक एक आकडा घेऊन शिव्या देतात, दुसरा घेऊन कौतुक करतात. मला विचाराल तर दोन्हींच्या मुळाशी एकच सवय आहे. जिथे शंका आहे तिथे हा मुलगा बॉल टाकत नाही. धरून ठेवतो. म्हणून बॉल प्रतिस्पर्ध्याच्या हातात जात नाही, आणि म्हणूनच तो मार खातो. कॉलेजात पळून सुटता यायचं, इथे समोरचे त्याच्याइतकेच चपळ आहेत. त्याला काय शिकायचंय ते त्या ६८ मध्ये लिहिलेलं होतं, आणि त्याच्यापाशी काय आहे ते त्या ६ मध्ये.

उलटंही होतं बरं का. ह्यूस्टनच्या सीजे स्ट्राउडने २०२३ मध्ये पहिल्याच वर्षी ४१०८ यार्ड केले, इंटरसेप्शन फक्त ५. लोकांनी त्याला तिथल्या तिथे देव्हाऱ्यात बसवला. दुसऱ्या वर्षी त्याला वाचवणाऱ्या पुढच्या खेळाडूंची भिंत ढासळली, ५२ वेळा पडला, इंटरसेप्शन १२ झाले. तेव्हा पहिल्या वर्षी फार चांगलं झालं तरीही पाय बघा. पुन्हा सांगते, पाय बघा.

जाता जाता एक. बेअर्सना तळ्याकाठचं सोल्जर फील्ड सोडून दुसरीकडे छपराचं स्टेडियम हवंय. मला ते अजिबात पटत नाही. १९२४ पासूनचं मैदान आहे ते. डिसेंबरात तळ्यावरून वारा आला की नाकाचा शेंडा बधिर होतो, थर्मासमधला चहा पाच मिनिटांत गार होतो, पण फुटबॉल बघावा तो तिथेच. छपराखाली लग्न करा.

हां, तर तो हंगाम. सलग दहा सामने हरून ५ जानेवारी २०२५ ला बेअर्स शेवटचा सामना खेळायला ग्रीन बेला गेले. ग्रीन बेशी आपण ओळीने अकरा वेळा हरलो होतो. त्या दिवशीही एका मिनिटाच्या आत वेळ उरलेला असताना त्यांनी किक मारून आघाडी घेतली, २२-२१. बॉल विल्यम्सकडे. तळघरात आम्ही तिघंच होतो, आजोबा, नातू आणि मी. "वन मिसिसिपी, टू..." आणि पास सुटला, डीजे मूरकडे, १८ यार्ड. मग कायरो सँटोसने ५१ यार्डांवरून किक मारली. २४-२२. नातू जिन्यावरून ओरडत वर पळाला. आजोबांनी दुसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "उजवा रोवला, डावा मूरकडे," एवढंच होतं. तिसरा रकाना भरायला ते विसरले होते.

पुढे नवा मुख्य प्रशिक्षक आला, बेन जॉन्सन. थँक्सगिव्हिंगच्या त्या दिवशी तो समोरच्या बाजूला उभा होता, डेट्रॉइटच्या आक्रमणाचा प्रमुख म्हणून. पुढची भिंत नव्याने बांधली गेली. दुसऱ्या हंगामात ६८ च्या जागी २४ सॅक झाल्या. विल्यम्सचे यार्ड ३९४२. एरिक क्रेमरने १९९५ मध्ये केलेला शिकागोचा ३८३८ चा विक्रम तीस वर्षांनी मोडला. चार हजाराला अठ्ठावन्न कमी पडले.

आजोबांचा हात हल्ली थरथरतो, पेन्सिल नीट धरवत नाही. आता ते मोजतात आणि नातू लिहितो. जुनी वही खालच्या कपाटात आहे. सव्वीसच्या आकड्याशेजारचा चटणीचा डाग आता तपकिरी झालाय.

नमस्कार.