नैरोबीचा मेल नैरोबीतच

हा केनियातल्या मोम्बासाचा समुद्रकिनारा. पांढरी वाळू, नारळाची झाडं, पर्यटकांना उंटावर बसवणारी पोरं, आणि इथेच किनाऱ्याला वाळूखालून समुद्रातली केबल वर येते. खोल पाण्यात ती बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते, आत काचेच्या बारीक तारा. 2009 साली एकामागोमाग एक अशा दोन केबल इथे पोचल्या. टीम्स आली यूएईमधल्या फुजैराहून, आणि दुसरी सीकॉम, जिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे, म्हणजे मुंबई आणि मोम्बासा एकाच तारेवर आहेत आणि आपल्यातल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

त्याआधी काय होतं? तर ह्या अशा डिश. अख्ख्या देशाचं इंटरनेट सॅटेलाइटवरून, तो 36,000 किलोमीटर वर, त्यामुळे साधा डेटा जाऊन उत्तर यायलाच अर्धा सेकंद लागणार, आणि बिल डॉलरमध्ये.

पण खरी चीड यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. नैरोबीच्या ह्या रस्त्यावर समजा समोरासमोर दोन ऑफिसं आहेत आणि दोघांची इंटरनेट कंपनी वेगळी. ह्याने त्याला मेल टाकला की तो आधी अमेरिकेत नाहीतर युरोपात जायचा आणि तिथून फिरून समोरच्या बिल्डिंगमध्ये यायचा. बरं, जाण्याचे पैसे केनियाने भरायचे आणि येण्याचेही केनियानेच.

ह्यावरचा इलाज म्हणजे ही खोली. बघायला काहीच नाही, लोखंडी रॅक, पिवळ्या वायरी, एसीचा आवाज. ह्याला इंटरनेट एक्स्चेंज पॉइंट म्हणतात. प्रत्येक कंपनीने आपली एक वायर इथपर्यंत आणायची, मधल्या स्विचला लावायची, की गावातला डेटा गावातच फिरतो. केनियातल्या इंटरनेट कंपन्यांनी एकत्र येऊन नोव्हेंबर 2000 मध्ये हे सुरू केलं, नाव किक्सप. आता परदेशी ट्रॅफिकची, म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाची, मक्तेदारी होती सरकारी टेलकॉम केनियाकडे, त्यांचं गिऱ्हाईक जाणार म्हटल्यावर त्यांनी तक्रार ठोकली, आणि दोन-एक आठवड्यांतच रेग्युलेटरने ह्याला बेकायदा ठरवून बंद पाडलं. कंपन्या म्हणाल्या, अहो आम्ही काही विकत नाही, आमच्या आमच्यात देवाणघेवाण करतोय. अर्ज, बैठका, कायद्याचा कीस काढणं, असं वर्षभर चाललं आणि मग कुठे लायसन्स मिळालं. फेब्रुवारी 2002 मध्ये स्विच पुन्हा चालू. एका स्विचसाठी एवढं! डिजिटल दरी, म्हणजे इंटरनेट असलेले आणि नसलेले ह्यांच्यातलं अंतर, म्हटलं की मोठमोठे टॉवर, शाळेत लॅपटॉप वाटप, मंत्र्यांचे फोटो हेच समोर येतं, असल्या खोलीची फीत कापायला कोण येणार?

फरक मात्र लगेच दिसला. गावातल्या गावात जिथे 200 ते 600 मिलिसेकंद लागायचे तिथे 2 ते 10 वर आलं. 2012 मध्ये केनियातला साधारण 30 टक्के ट्रॅफिक देशातच अदलाबदल व्हायचा, 2020 पर्यंत तो 70 टक्क्यांवर गेला, आणि वर्षाला साठेक लाख डॉलर वाचायला लागले. मोम्बासातही आता एक्स्चेंज आहे.

आणि हे नैरोबीतलं मोबाइलचं मार्केट, गर्दी बघा. 2024 चा आयटीयूचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेचा आकडा सांगतो, युरोपात 91 टक्के लोक ऑनलाइन आणि आफ्रिकेत 38. ह्या उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर नेटवर्क आहे, परवडणारा हँडसेट नाही. म्हणून इथे स्मार्टफोन हप्त्याने मिळतो, थोडे पैसे आधी भरायचे, बाकीचे रोज थोडेथोडे एम-पेसावरून, म्हणजे इथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेतून, आणि हप्ता चुकला की कंपनी लांबूनच फोन लॉक करते, पैसे भरले की परत चालू.