नोंद कार्डावर उतरेपर्यंत

(दृश्य: भरतीची खाडी, पुलाच्या कठड्याला बसवलेली पेटी, जोराचा पाऊस)

कोकणात पावसाळी वारा सुटला, फांदी तारेवर पडली, की लाईट जाते. भरती आणि वरून आलेलं डोंगरचं पाणी एकत्र येतात तेव्हाची पातळी सगळ्यात मोलाची, आणि खाडीच्या पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या या पेटीतून नेमकी तीच गायब होऊ शकते.

पेटीतल्या लिनक्स बोर्डावरचा, म्हणजे छोट्या संगणकावरचा, प्रोग्राम दर मिनिटाला 40 बाइटची एक ओळ लिहितो. ती आधी सी भाषेच्या लायब्ररीच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, थांबते. हा बफर बहुधा 4096 बाइटचा, म्हणजे तो भरायलाच शंभरावर मिनिटं जातात! हा बफर रिकामा करणारी एफफ्लश ही आज्ञा दिली की ओळ कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, पोहोचते. पण कर्नलही ती रॅममधल्या पेज कॅश नावाच्या साठ्यात ठेवतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये 30 सेकंद जुनी झाल्यावरच एसडी कार्डाकडे धाडायला घेतो. प्रोग्राम कोसळला तर ही ओळ वाचते. वीज गेली तर जाते.

म्हणून प्रत्येक ओळीनंतर आधी एफफ्लश, मग एफसिंक, म्हणजे कर्नलकडचं सगळं कार्डावर उतरवायला लावणारी आज्ञा. नुसतं एफसिंक केलं तर लायब्ररीच्या बफरमधलं त्याला दिसतच नाही, आणि ही चूक फार ठिकाणी सापडते. एफसिंकचं उत्तरही तपासायलाच हवं. एकदा चूक आली आणि दुसऱ्यांदा ते यशस्वी झालं, तरी आधीची ओळ उतरली असं धरू नये. ती पुन्हा लिहावी.

रोज नवी फाइल उघडत असाल तर तिच्या डिरेक्टरीवरही, म्हणजे फाइलींची नावं ठेवणाऱ्या फोल्डरवरही, एकदा एफसिंक लागतं, नाहीतर मजकूर कार्डावर आणि नाव मात्र कुठेच नाही. सेन्सरच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याचं माप जुळवणाऱ्या आकड्यांची, फाइल जागच्या जागी कधीच बदलू नये. तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा, रीनेम करून खरं नाव द्या, मग डिरेक्टरीचं एफसिंक.

(दृश्य: उघडलेली पेटी, बोर्डावरचे सुपरकपॅसिटर)

लिहिणं चालू असताना वीज तुटली तर एसडी कार्डातल्या आधीच्या, नीट उतरलेल्या नोंदीही बिघडू शकतात, कारण कार्ड आतल्या आत मोठे ब्लॉक हलवत असतं. इथे सॉफ्टवेअर अपुरं पडतं, म्हणून लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज पुरवणारा सुपरकपॅसिटर लागतो. त्याचा 1 फॅरडचा साठा 5 व्होल्टवरून 3.5 वर येईपर्यंत सुमारे 6.4 जूल देतो. दीड वॉटच्या बोर्डाला चार सेकंद. पुरवठा पडल्याचा सिग्नल मिळताच नवं लिहिणं थांबवायचं, शेवटचं एफसिंक करायचं आणि कार्ड फक्त वाचण्यापुरतं माउंट करायचं, म्हणजे त्यावर काही लिहिताच येऊ नये. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तेवढा काळ तग धरायला वेगळी बॅटरीच हवी.

खाऱ्या हवेत कार्डाचे संपर्क गंजतात, उन्हात सुपरकपॅसिटरची धारण क्षमता घटते. म्हणून दर मे महिन्यात नोंद चालू असतानाच मेन स्विच पाडावा, पुन्हा सुरू करून फाइलची शेवटची ओळ आणि वेळ जुळते का पाहावं, आणि हे भरपूर वेळा करावं.