पाच गोल कुणाचे?

श्रोतेहो, नमस्कार.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे वेगळे सांगायला नको की तिथे एकेका चाळीत अर्धा हिंदुस्थान नांदत असे. आमच्या डाव्या हाताला तमिळ कुटुंब होते, समोर नागपूरकडचे एक ड्रायव्हर होते आणि उजव्या हाताला, भिंतीला भिंत लागून, बंगाली काका आणि काकू राहत होते. काका पार्सल ऑफिसात होते. कोलकाता हे शहर मी पुष्कळ उशिरा पाहिले, परंतु ते शहर आपल्या फुटबॉल संघावर किती जीव टाकते, हे मला नवव्या वर्षीच त्या भिंतीपलीकडून ऐकू येत होते. आज त्याविषयी बोलायचे आहे.

दोन नावे आधी नीट लक्षात ठेवू या, म्हणजे पुढचे सारे सोपे होईल. पहिले नाव मोहन बागान, स्थापना १५ ऑगस्ट १८८९, रंग हिरवा आणि किरमिजी. दुसरे नाव ईस्ट बंगाल, स्थापना १ ऑगस्ट १९२०, रंग लाल आणि सोनेरी. पश्चिम बंगालात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना तिकडे घोटी म्हणतात आणि त्यांचा कल मोहन बागानकडे असतो. पद्मा नदीपलीकडच्या पूर्व बंगालातून आलेल्यांना बांगाल म्हणतात आणि त्यांचा जीव ईस्ट बंगालमध्ये असतो. मोहन बागान जिंकला की घोटी घरात कोळंबी शिजते, तिला ते चिंगडी म्हणतात. ईस्ट बंगाल जिंकला की बांगाल घरात हिलसा, म्हणजे त्यांचा इलिश शिजतो. पुन्हा सांगतो: मोहन बागान आणि कोळंबी, ईस्ट बंगाल आणि हिलसा. संघाची निष्ठा तिथे मैदानावरून थेट चुलीपर्यंत येते.

आता आमच्या शेजारची अडचण अशी होती की काका घोटी होते आणि काकू बांगाल. काकूंचे माहेर बारिसालचे, फाळणीनंतर सारे तिकडेच सोडून कोलकात्याला आलेले. एकाच घरात हिरवा रंगही होता आणि लालही होता. दुसरी अडचण अशी की भुसावळात हिलसाही मिळत नसे आणि ताजी कोळंबीही मिळत नसे. तेव्हा काकूंनी तडजोड केली होती. मोहन बागान जिंकला तर बाजारातली सुकट भिजवून तिचे कालवण करायचे, आणि ईस्ट बंगाल जिंकला तर तापीतला रोहू मोहरी वाटून शिजवायचा. ज्या दिवशी आमच्या सामाईक ओट्यावर मोहरीच्या तेलाचा वास यायचा, त्या दिवशी कोण जिंकले हे विचारावे लागत नसे.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी आज या माइकसमोर बसलो आहे.

३० सप्टेंबर १९७५ रोजी आय. एफ. ए. शील्ड या कोलकात्याच्या जुन्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि समोरासमोर हेच दोन संघ होते. सामना दुपारचा होता. कोलकाता केंद्रावरून अजय बसू, पुष्पेन सरकार यांच्यासारखे समालोचक बंगालीत धावते वर्णन करीत असत, आणि काका सांगत की त्या वेळी तिकडच्या रस्त्यांवर पानाच्या टपरीसमोर माणसे रेडिओभोवती उभी असतात, ट्राम अडली तरी कुणी हलत नाही. परंतु दिवसा मध्यम लहरींवर कोलकाता भुसावळपर्यंत पोहोचत नसे. रात्र झाली, हवा थंड झाली की तेच केंद्र दूरच्या विहिरीतल्या आवाजासारखे लागत असे. माझे प्रामाणिक मत आहे की त्या खरखरीतून कान देऊन ऐकण्यात जे लक्ष लागत असे, ते आजच्या लखलखीत पडद्यासमोर लागत नाही.

त्या रात्री काकांनी रेडिओ खिडकीत ठेवला, तारेचे टोक लोखंडी गजाला बांधले आणि काटा केसाकेसाने सरकवत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी होतो. बातम्या लागल्या. खरखर झाली, शिट्टीसारखा आवाज आला, आणि मधेच दोन शब्द अगदी स्वच्छ ऐकू आले: ‘पाँच गोले’. पाच गोलांनी. पुढे पुन्हा खरखर झाली आणि केंद्र बुडाले ते बुडालेच.

पाच गोल झाले होते, हे निश्चित होते. ते कुणी केले, हे मात्र कुणालाच माहीत नव्हते.

काका म्हणाले की एवढे गोल मोहन बागानशिवाय कोण करणार. काकू म्हणाल्या की गेली सहा वर्षे कोलकाता लीग सलग कुणी जिंकली आहे ते आठवा. ती लीग १९७० पासून १९७५ पर्यंत ईस्ट बंगालनेच जिंकली होती, त्यामुळे काकांजवळ उत्तर नव्हते, परंतु विश्वास होता. दुसऱ्या दिवशी चाळीत हा प्रश्न घरोघर गेला. ज्यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता ते शेजारीसुद्धा नळावर पाणी भरताना विचारू लागले. माझी आजी अमळनेरकडची, तीही मला अहिराणीत विचारून गेली, “कोन जिकनं रे पोऱ्या?”

उत्तर यायला एकच वाट होती. सामन्याचा सविस्तर वृत्तांत १ ऑक्टोबरच्या सकाळच्या बंगाली वर्तमानपत्रात येणार होता, ते पत्र घेऊन कुणीतरी प्रवासी त्याच संध्याकाळी हावड्याला मेलमध्ये बसणार होता, आणि ती मेल, जिला आमच्याकडे सगळे कलकत्ता मेल म्हणत, २ ऑक्टोबरच्या रात्री उशिरा भुसावळात येणार होती. गांधी जयंतीची सुट्टी होती, म्हणून वडिलांनी मला काकांबरोबर स्टेशनवर जाऊ दिले. निघताना काकूंनी चूल पेटवली होती आणि परातीत सुकट भिजत घातली होती. दोन दिवस काका छातीठोकपणे ज्यांचे नाव घेत होते त्यांचेच ते जेवण होते.

गाडी थांबली. काका एकेका डब्याच्या खिडकीशी जाऊन बंगालीत विचारू लागले. पाचव्या की सहाव्या डब्यातल्या एका वृद्ध प्रवाशाने काही न बोलता, पुरीची पुडी जिच्यात बांधली होती ती घडी सोडवून तेल लागलेले पान त्यांच्या हातात ठेवले. काकांनी ते फलाटावरच्या दिव्याखाली धरले. मला बंगाली वाचता येत नव्हते, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांनी मजकूर वरपासून खालपर्यंत पूर्ण वाचला, एकही ओळ सोडली नाही, आणि मग कागदाची चार पदरी घडी करून खिशात घातली. गाडी सुटेपर्यंत ते उभेच राहिले. नंतर माझा हात धरून मराठीत म्हणाले, “पाच खरे होते, बाळ. फक्त आपले नव्हते.”

ईस्ट बंगाल पाच, मोहन बागान शून्य. या दोन संघांच्या लढतींतला तो आजही सर्वांत मोठा विजय मानला जातो. त्यातले दोन गोल श्याम थापा यांचे होते.

घरी आलो तेव्हा दार उघडेच होते. काकांनी घडी न उलगडता काकूंच्या हातात दिली. काकूंनी कंदिलाशी जाऊन वाचले. त्या हसल्या नाहीत, आनंदाने ओरडल्याही नाहीत. त्यांनी सुकटीच्या पातेल्यावर झाकण ठेवले आणि काकांना विचारले की हात धुता का, वाढते. काका त्या रात्री जेवले, परंतु बोलले नाहीत.

पहाटे आईने मला उठवले ते काका कुठे निघाले आहेत हे दाखवायला. हातात पिशवी घेऊन ते नदीकडच्या भोईवस्तीकडे चालले होते. दीड तासाने परतले तेव्हा पिशवीतून रोहूची शेपटी बाहेर आली होती. काकूंनी मोहरी वाटायला घेतली. आमच्या घरात मासे चालत नसत, म्हणून आमच्यासाठी वाटीभर पायेश, म्हणजे त्यांच्याकडची तांदळाची खीर, असा निराळा आला, आणि तो काका स्वतः घेऊन आले. आईने ती वाटी रिकामी परत केली नाही. तीत वांग्याची घोटलेली भाजी आणि वर दोन बट्ट्या ठेवून पाठवल्या. रिकामी वाटी परत करण्याची पद्धत अलीकडे आली आहे, आणि ती मला मुळीच आवडत नाही.

श्रोतेहो, ही निष्ठा आली कुठून? २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला शील्डच्या अंतिम सामन्यात २-१ असे हरवले. पहिला गोल खाल्ल्यानंतर कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल केला. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळत होते. फक्त सुधीर चॅटर्जी यांच्या पायांत बूट होते. मैदानाजवळ पोहोचू न शकलेल्यांना गोल कळावे म्हणून पतंग उडवले गेले, असे सांगतात. राज्यकर्त्यांना उघड्या मैदानात हरवता येते, हे त्या दिवशी शहराने पाहिले. काकांच्या देवघरात त्या अकरांचे एक छापील चित्र होते. काकू मात्र त्या चित्राकडे बोट दाखवून म्हणत की तुमच्या त्या अकरांतले कितीतरी पोरगे आमच्या पूर्व बंगालातले होते, आणि ते खरेही होते.

ईस्ट बंगालची कथा दुसरी आहे. १९४७ नंतर ज्यांचे घर, शेत, नदी, सारे सीमेपलीकडे राहिले, त्यांच्याजवळ मूळ गावाची खूण म्हणून संघाचे हे नाव उरले. पुन्हा सांगतो, कारण हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: गाव गेले होते, नाव उरले होते. काकू बारिसालला परत कधी गेल्या नाहीत, परंतु ‘ईस्ट बंगाल’ हे शब्द त्यांना आठवड्यातून एकदा तरी मोठ्याने उच्चारता येत होते.

या प्रेमाने जखमाही केल्या आहेत. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ जण गेले. काकू त्या बातमीनंतर कित्येक दिवस सामन्याचे नावही काढू देत नव्हत्या. तरीही माणसे मैदानावर येत राहिली. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला. आपल्याकडे गावोगावची मैदाने लग्नाच्या मंडपांना आणि प्रदर्शनांना भाड्याने जात असताना हा आकडा मी मुद्दाम सांगतो.

पुढे व्यावसायिक काळ आला. २०२० साली मोहन बागानचा फुटबॉल विभाग ए. टी. के. या दुसऱ्या संघात विलीन झाला आणि संघाच्या नावाआधी ही तीन अक्षरे लागली. समर्थकांनी ते मान्य केले नाही. सामने ते पाहत राहिले, परंतु ती अक्षरे काढा, अशी मागणी त्यांनी फलकांवर, रस्त्यावर सतत लावून धरली. मार्च २०२३ मध्ये संघाने इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला आणि त्याच रात्री ती अक्षरे काढण्याची घोषणा झाली.

काका ती ऐकायला नव्हते. निवृत्तीनंतर ते कोलकात्याला गेले आणि काही वर्षांपूर्वी वारले. त्या रात्री मला फोन आला तो काकूंचा, ऐंशी पार केलेल्या ईस्ट बंगालच्या काकूंचा. त्यांनी नमस्कारही म्हटला नाही. एवढेच सांगितले की तुझ्या काकांच्या संघाला त्याचे नाव परत मिळाले आहे, आणि उद्या सकाळी सूनबाईला चिंगडी आणायला बाजारात पाठवते आहे.

नमस्कार.