आश्विनातले स्वयंपाकघर

[दृश्य: सकाळ. काचेच्या कौलातून चुलीमागच्या भिंतीवर उतरलेला उन्हाचा कवडसा.]

भाद्रपद सरत आला, की कोकणातल्या कौलारू घरांत ऊन पुन्हा पाऊल टाकते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, त्यामुळे या उन्हाची वाट माणसांइतकीच भिंतीही पाहत असतात. छपरात बसवलेल्या काचेच्या कौलातून उतरलेला कवडसा चुलीमागच्या भिंतीवर टेकतो आणि पावसाळाभर अंधारात राहिलेले सारे काही एकदम उघडे पडते: दाटलेली काजळी, ओलीने फुगलेला गिलावा, वाशांना लोंबणारी जळमटे आणि पितळेच्या डब्यांवर चढलेला हिरवट थर. सर्वपित्री अमावास्येच्या आत हे सगळे स्वच्छ व्हायला हवे, कारण दुसऱ्या दिवशी घरात घट बसणार आहेत.

हे माझ्या काकूंचे स्वयंपाकघर आहे. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या आत, ते शंभर वर्षांहून अधिक काळ आपले काम करत आले आहे. या घरात आता गॅसही आहे आणि मिक्सरही आहे, पण जुनी रचना काकूंनी मोडली नाही, आणि दरवर्षी शरद ऋतूच्या तोंडावर त्या ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून पुन्हा मांडतात. आम्ही चित्रीकरणासाठी गेलो ते जुन्या वस्तू पाहायला, पण चार दिवस त्यांच्या हाताखाली काम केल्यावर मला वाटू लागले, की या स्वयंपाकघराची खरी घडण वस्तूंपेक्षा या उलगडण्यात आहे. भिंतीतले फडताळ आणि मोरीचा दगड सोडला, तर इथली एकही गोष्ट कायमची जडवलेली नाही. मांडणीच्या फळ्या खाचांतून सरकवून काढता येतात, शिंकी आढ्यावरून उतरवता येतात, उतरंड एकेक मडके करून खाली घेता येते, आणि चूलसुद्धा मोडून त्याच मातीत पुन्हा घालता येते.

[दृश्य: काकूंचे हात. ओल्या मातीचा गोळा, त्यात मिसळलेले भाताचे तूस.]

पावसाळ्यात चुलीला तडे जातात. सरपण दमट असते, हवेत ओल असते आणि माती ती ओल पीत राहते. म्हणून काकू वारुळाची माती चाळून तिच्यात शेण आणि भाताचे तूस कालवतात. तुसामुळे माती वाळताना आकसून फाटत नाही. पूर्वी ज्या गावांत घोडी असत, तिथे याच कामासाठी घोड्याची लीद वापरत. चुलीच्या तोंडावर भांडे टेकण्यासाठी तीन उंचवटे असतात, आणि भांडे व कडा यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यावर सगळा स्वयंपाक अवलंबून असतो. फट लहान झाली तर धूर कोंडतो आणि जाळ गुदमरतो, मोठी झाली तर आच भांड्याला न लागता बाजूने निसटते. काकू ही फट बोटांनी मोजतात. त्यांनी उंचवट्यावर ओली माती थापली, रिकामे पातेले ठेवून पाहिले, खाली दोन बोटे घातली, मान हलवली आणि चिमूटभर माती पुन्हा काढून टाकली.

मुख्य चुलीच्या अंगाला लागूनच वैल असतो. जाळाची जी धग पुढे सरकते, ती आतल्या बोगद्यातून वैलाच्या भोकाखाली येते, त्यामुळे एकही लाकूड अधिक न जाळता तिथे वरण गरम राहते, दूध मंद आचेवर तापते किंवा हात धुण्याचे पाणी कोमट होते. समोर ओढलेल्या निखाऱ्यांवर तव्यावरची भाकरी उभी करून फुगवतात. जाळ, वैल आणि निखारे अशा तीन वेगवेगळ्या आचा एकाच लाकडातून मिळतात, आणि शेवटी उरलेली राख भांडी घासायला व बियाणे ठेवायला जाते. चुलीच्या वर, छपराखाली, दोरीला पडवळाची आणि भोपळ्याची बियाण्यासाठी राखलेली फळे टांगलेली होती. धुराने तिथे कीड फिरकत नाही, आणि त्याच धुराने वासे व रिपाही वाळवीपासून वाचतात.

चूल सारवायचे काम काकूंनी माझ्याकडे दिले. मी हात मागेपुढे फिरवू लागले, तशा त्या म्हणाल्या, "अगं, एकाच दिशेने फिरव. उलटा हात लागला की सुकल्यावर पोपडे धरतात." तेव्हापासून मी सारवलेली भिंत पाहिली, की तिच्यावरचे बोटांचे अर्धगोल शोधते.

[दृश्य: अंगणात उन्हात मांडलेली मडकी, डबे, मापे.]

उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी: सर्वांत मोठे तळाला आणि सर्वांत लहान वर. अगदी थोड्या जागेत ती पुरुषभर उंच जाते. प्रत्येक मडके खालच्या मडक्याचे झाकण होते, हे त्या रचनेतले मला सर्वांत आवडलेले चातुर्य आहे. रोज लागणारे जिन्नस वर आणि वर्षाचे बेगमीचे धान्य तळाला राहते. खाली उतरवलेले प्रत्येक मडके उन्हात पालथे घालायचे, डाळींना एरंडेलाचा हात लावायचा, तांदळात कडुनिंबाचा पाला घालायचा आणि मग पुन्हा रचायचे, हे काम दोन दिवस चालते.

धान्य मोजण्याची मापेही अशीच एकमेकांत बसतात. 2 निळव्यांचे 1 कोळवे, 2 कोळव्यांचे 1 चिपटे, 2 चिपट्यांचे 1 मापटे, 2 मापट्यांचा 1 शेर आणि 4 शेरांची 1 पायली. शेरापर्यंत प्रत्येक पायरीवर माप दुपटीने वाढते, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही अर्धे किंवा पाव करायला काही मांडावे लागत नसे. दशमान पद्धत आली आणि ही मापे व्यवहारातून गेली, पण काकूंच्या घरी रात्रीच्या भाताचे तांदूळ आजही चिपट्यानेच निघतात.

[दृश्य: पितळेचे पातेले. चिंचेच्या कोळाचा पहिला हात फिरतो आणि खालचा पिवळा रंग वर येतो.]

पितळ बाहेरून चिंचेने उजळते, पण आतून त्याला कल्हई लागते. ताक, कोकमाचे सार, चिंचेची आमटी असे आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवले, तर ते कळकतात, म्हणजे त्यांना धातूची हिरवट, तुरट चव येते आणि ते खाण्याजोगे राहत नाहीत. ज्या भाषेत या एका बिघाडासाठी स्वतंत्र क्रियापद आहे, त्या भाषेतल्या घरांनी पितळेशी किती जवळून संसार केला असेल! साध्या पाण्यासाठी ठेवलेल्या तांब्याच्या कळशीला कल्हईची गरज नसते, त्यामुळे तिला राखेचा आणि चिंचेचा हात पुरतो.

कल्हईवाला आता गावात फारसा फिरकत नाही. या वर्षी एक म्हातारे गृहस्थ निरोप पाठवल्यावर आले आणि अंगणाच्या कडेला त्यांनी जमिनीत लहानशी भट्टी केली. भात्याने कोळसे फुलले, पातेले तापले, आणि त्यांनी कापसाच्या बोळ्यावर नवसागर घेऊन तो आतून फिरवला. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठला. तापलेल्या भांड्यावर नवसागराचे विघटन होते आणि त्यातून निघणारे आम्ल पितळेवरचा गंज खाऊन टाकते, म्हणून त्याखालचा धातू क्षणभर अगदी निर्मळ होतो. नेमक्या त्याच क्षणी कथलाची कांडी भांड्याला टेकवायची असते. कथील 232 अंश सेल्सियसला वितळते, पितळ मात्र त्या आचेला ढिम्म राहते. कांडीचा थेंब ओघळला, बोळा गोल फिरला आणि पिवळ्या पातेल्याच्या पोटात चांदीसारखा उजेड तळापासून काठापर्यंत चढत गेला. भांडे लगेच पाण्यात बुडवले, तेव्हा जो चर्रर्र आवाज झाला, तो ऐकायला शेजारच्या घरातली मुले पळत आली होती.

या भांड्यांच्या अंगावरच्या बारीक खळ्यांनाही काम आहे. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून हे काम चालत आले आहे आणि कारागीर त्याला मठारकाम म्हणतात. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने तांब्याचा पत्रा थोडा अधिक कठीण होतो, म्हणून मठारलेले भांडे पोचे धरत नाही. लखलखणाऱ्या खळ्या डोळ्यांना सुंदर दिसतात, पण त्या मुळात बळकटीसाठी आहेत.

[दृश्य: पुणे. काचेच्या कपाटांत मांडलेल्या विळ्या, खवण्या, अडकित्ते.]

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी घरगुती अवजारे पाहायला मिळतात. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी 1920 च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली, आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले आणि 1975 साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे अनेक होते, पण स्वयंपाकघरातल्या वस्तूही त्याच आदराने जपाव्यात, असे त्यांना वाटले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. तिथल्या विळ्या पाहताना काकूंची विळी माझ्या डोळ्यांसमोर होती. पाटावर पाय रोवून बसले, की विळीचे पाते स्थिर राहते आणि दोन्ही हात भाजीसाठी मोकळे होतात. त्याच पात्याच्या टोकाला खवणी असते, म्हणून नारळ खवायला जागचे उठावे लागत नाही. बसून काम करणाऱ्या बाईच्या हाताच्या टप्प्यात चूल, पाटा, विळी, मिसळणाचा डबा आणि पाण्याची कळशी, सगळे यावे, अशा बेताने जुन्या स्वयंपाकघराची जमीन मांडलेली असे. उंची ओट्याची नव्हती, मांडी घातलेल्या माणसाची होती.

या रचनेचे कौतुक करताना धुराचा विषय टाळणे मला अप्रामाणिक वाटते. काजळी खरवडताना चार दिवसांत माझे डोळे चुरचुरले, आणि ज्या बायकांनी तीस-चाळीस वर्षे रोज दोन वेळा फुंकणीने जाळ फुलवला, त्यांच्या डोळ्यांचे आणि छातीचे काय झाले, हे प्रत्येक घरातल्या आजीच्या खोकल्याने सांगितले आहे. झरोका लहान आणि उंच ठेवण्यामागे पावसाचे कारण होते, तसे घरातल्या बाईने बाहेर दिसू नये, हेही होते. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल घडवली गेली, ती नळीवाटे धूर बाहेर काढण्यासाठीच. पुढे 1955 च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला, उभ्याचे ओटे आले आणि बाईची पाठ जमिनीवरून उठली. हा बदल व्हायलाच हवा होता. काकूही रोजचा स्वयंपाक गॅसवरच करतात.

त्यांची हळहळ वेगळी आहे. स्टेनलेस स्टील घरोघर आले, तेव्हा पितळ वजनावर मोडीत गेले. आमच्या घरचा तांब्याचा बंब, ज्याच्या पोटातल्या नळकांड्यात जाळ करून भोवतीचे पाणी तापवत, तो मी शाळेत असताना असाच मोडीत गेला. त्याच्या बदल्यात काय आले, ते आता कोणालाच आठवत नाही.

[दृश्य: मोरी. दगडी पन्हळीतून परसात वाहणारे पाणी.]

तिसऱ्या दिवशी मोरी धुतली. मोरीच्या दगडाला परसाकडे उतार आहे आणि भिंतीतल्या भोकातून पाणी थेट अळूच्या वाफ्यात व केळीच्या आळ्यात जाते. भांडी राखेने घासली, तर हे पाणी झाडांना चालते. साबणाचे पाणी काकू वेगळे ओततात. घटस्थापनेला लागणारी माती त्यांनी केळीच्या आळ्याजवळूनच आणली, चाळली आणि उन्हात पसरून ठेवली.

घट बसले, नऊ दिवसांत धान्य उगवून पिवळे झाले, खंडेनवमीला विळी, पाटा-वरवंटा आणि जात्याला हळदकुंकू लागले. खाचरांत हळवे भात कापणीला आले होते. आश्विन पौर्णिमेला, जिला कोकणात नवान्न पौर्णिमा म्हणतात, आम्ही शेवटचे चित्रीकरण केले. काकूंनी भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान आणि कुरडूचे फूल एकत्र करून लहान जुड्या बांधल्या. याला 'नवे' म्हणतात. एक जुडी दाराच्या चौकटीला, एक जात्याच्या खुंट्याला आणि एक उतरंडीच्या सर्वांत वरच्या मडक्याच्या गळ्याला बांधली.

मग त्यांनी नव्याने सारवलेल्या चुलीत पहिले लाकूड सरकवले. सरपण आता वाळले होते. कल्हई केलेल्या पातेल्यात नव्या तांदळाची खीर चढली आणि वैलावर वाटीभर तूप पातळ व्हायला ठेवले.

[दृश्य: पातेल्याखालच्या दोन बोटांच्या फटीतून दिसणारा जाळ.]